अकरा घरं

साखर पेठेतल्या वाचनालयाच्या जिन्यावर
नऊ बाय सहा फुटांचा विजय टांगलेला आहे.
कुठल्या लढाईचा, ते खालच्या पाटीवर होतं.
भिंत रंगवताना पाटी हरवली
आणि सालावरून समितीत दोनदा हमरीतुमरी झाली.

घोडा मात्र खरा आहे.
कन्ना चौकातल्या सायबू टांगेवाल्याचा,
पुढचा उजवा पाय जरा आखूड.
रेवणप्पा पेंटरनं तो तसाच काढला,
म्हणून टापेखालची धूळ
लंगडत उडते.

सेनापतीला तोंड देणगीदाराचं.
झेंडेकऱ्याला रेवणप्पाच्या मेहुण्याचं.
आणि खाली, उजव्या कोपऱ्यात,
शत्रूकडचा म्हणून जो उताणा पडलाय
तो माझा बाप.
मल्लय्या चिलवेरी, रात्रपाळी, साचा खातं.
तीन दिवस मरायचे
रोज दोन रुपये,
चहा वेगळा.

“हलू नको बे मल्लय्या,
मेलेला माणूस शिंकत नसतोय.”
हे सांगताना नायना दर वेळी शिंकायचा.
तिसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर तो थेट गेला
आणि घोड्याच्या पायाशी खरंच झोपला.
रेवणप्पानं हलवून उठवलं:
डोळे उघड, झोपल्यासारखा दिसलालास.

आई विड्या वळायची.
पान कातरता कातरता एकदाच म्हणाली,
चित्रात का असेना,
मेलेल्याचे डोळे कुणीतरी मिटायला हवे होते.

दर विजयदिनाला हार चढतो.
हार मोठा, खिळा एकच,
झेंडूचं शेपूट बरोबर नायनाच्या छातीवर येतं.
गिरणी बंद पडल्यावर तो दम्यानं गेला तेव्हा
घरी एवढा मोठा हार आला नव्हता.

यंदा समितीनं ठरवलं, चित्र विणून घ्यायचं.
पाहुण्यांना द्यायला, सव्वाशे नग.
ग्राफ काढायचं काम माझ्याकडे आलं.
त्यांना ठाऊक नव्हतं.
मीही बोललो नाही.

सूत सहा रंगांचं.
घोड्याला चार हजार घरं,
सेनापतीच्या तलवारीला सातशे बारा.
नायनाच्या चेहऱ्याला, पुन्हा पुन्हा मोजून, अकरा.
कपाळ तीन, मिशी दोन,
गाल-हनुवटी मिळून चार,
डोळे दोन, पांढरे.
नाक बसत नाही.
तशी आमच्या चाळीतल्या खोलीतही
त्याची खाट कधी नीट बसली नव्हती.

अध्यक्ष म्हणाले, खालची पट्टी कापा,
पडलेल्यांचं काय काम, सूतही वाचेल.
बघतो म्हणालो
आणि आकाश चार बोटं आखूड केलं.
आकाशाच्या बाजूनं बोलणारं
समितीत कुणी नसतं.

पहिला नग मध्यरात्री मागावरून उतरला.
सवयीनं आधी उलटा करून पाहिला,
आम्ही माल पाठीकडून तपासतो.
पाठीकडे रंग फिरतात:
ह्यांचा झेंडा त्यांचा होतो,
धूळ निळी, आभाळ मातकट,
घोडा कुणावर चालून चाललाय
ते घोड्यालाही सांगता येणार नाही.
आणि सगळीकडे लोंबते धागे,
जिंकलेल्यांचे, हरलेल्यांचे,
कात्रीनं एकाच मापात कापायचे.

मग सुलटा केला. कोपरा दिव्याखाली धरला.
ती दोन घरं
ग्राफवरच मी काळी भरली होती.
ही चूक म्हणून कुणी परत पाठवणार नाही.
सव्वाशे नगांत अडीचशे घरं,
कोण मोजतंय.

दुसऱ्या नगाला माग लावला.
पुठ्ठे वरून खाली सरकू लागले,
खट्, खट्, सुताची पूस हवेत उडाली.
नायना,
शिंकायचं तर शिंक.